बाक आलेल्या पाठीचा ब्लाउज: फॉर्म्युला सोडून अंगावरूनच साचा कसा काढायचा?

वावरातली_सुई (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी खेड्यात ब्लाउज शिवते, १२ वर्षं झाली. ओसरीत मशीन आहे, लाइन असली की मोटर, नाहीतर पाय. आठवड्याला पंधरा-वीस ब्लाउज होतात आणि लगीनसराईत रात्रीचे बारा वाजतात. कटिंग मला येतं. पण एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे आणि आता ती घरातच येऊन बसली आहे.

माझी मोठी जाऊ, वय ५३. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताला पुतणीचं लग्न आहे, म्हणजे या नवरीच्या आई. शालू घेतला, ब्लाउजपीस त्यातच आहे, आणि त्यांनी सांगून ठेवलंय की शिवायचा तर तुलाच. मागच्या वर्षी त्यांनी तालुक्याला एका दुकानात ब्लाउज टाकला होता. तो एकदाच घातला आणि पेटीत गेला. खरं सांगायचं तर त्याआधी मी शिवलेले दोनही पेटीतच आहेत. त्या मला कधी बोलल्या नाहीत. पेटी आवरताना मीच पाहिले.

मोठ्याबाई पंधराव्या वर्षापासून निंदायला आणि वेचायला जातात. कमरेला फडकं बांधायचं, वाकायचं, दिवस मावळेपर्यंत वाकूनच राहायचं. पाठीला वरच्या बाजूला बाक आला आहे, खांदे पुढे आले आहेत, दंड भरलेले आहेत. क्लासमध्ये आम्हाला शिकवलं ते असं: छातीचा चौथा भाग, मुंढा (बाही जोडायचा गोल) म्हणजे छातीचा सहावा भाग अधिक एक, खांदा अर्धा, समोरचा भाग मागच्यापेक्षा थोडा मोठा, आणि दोन टक्स, म्हणजे शिवून टाकलेल्या चुण्या. त्यांची छाती ३८ इंच. या हिशोबाने कापलं की मागे ब्लाउज दोन बोटं वर चढतो, मागचा गळा मानेपासून सुटून उभा राहतो, समोर गळ्याखाली कापडाची घडी पडते आणि बाही दंडात रुतते. मी कडेचा दाब (शिलाईच्या आत ठेवलेलं जादा कापड) सोडते, मुंढा खाली कापते, तरी तेच.

माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या बाया अशाच आहेत. कोणाचा एक खांदा खाली, कोणाची पाठ रुंद, कोणाला बाळंतपणानंतर पोट सुटलेलं. फॉर्म्युल्यातली बाई सरळ उभी असते. ती मला गावात अजून भेटलेली नाही.

तर माझा प्रश्न असा. आकडे बाजूला ठेवून, अंगाचा आकार आहे तसा कागदावर उतरवता येतो का? अंग गोल, कागद सपाट. टक्स कुठे आणि किती घ्यायचा हे अंगानेच सांगावं असं काही करता येईल का? मोठ्याबाईंना पाच वेळा ट्रायलला बोलावता येणार नाही. वेचणी सुरू आहे, त्या दिवेलागणीलाच घरी येतात. एकदाच नीट बसवता येईल, फार तर दोनदा.

---

काजबटण (हिंगणघाट)

ताई, २० वर्षं झाली मला या धंद्यात आणि तुमचं लिहिणं वाचून माझ्याच पेट्यांमधले ब्लाउज आठवले.

आधी एक सांगते. ३८ हा आकडा घेराचा आहे. तो घेर कुठे भरलेला आहे हे आकडा सांगत नाही. दोन बायांची छाती ३८ असते. एकीची पुढे भरलेली, एकीची पाठीत. चारने भागलं की दोघी सारख्याच होऊन जातात, आणि तिथेच ब्लाउज बिघडतो.

साचा अंगावरून काढायचा तेव्हा काढाच, पण त्याआधी मापं अशी घेऊन पाहा. काखेतून खाली, बरोबर कडेला, दोन्हीकडे खडूने उभी रेघ मारा. मग छातीचा घेर दोन भागांत मोजा, समोर या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, आणि मागे तसाच. दुसरं माप छातीच्या वर, काखेला लागून. मुख्य घेर आणि हा वरचा घेर यात दोन-अडीच इंचाचा फरक असेल तर गळा, खांदा, मुंढा हे सगळं वरच्या मापावर कापा आणि तो फरक फक्त समोरच्या दोन भागांत घाला, टक्सच्या जागी कागद चिरून आणि उघडून. मोठ्या मापावर कापलेला खांदा घसरतोच, दाब सोडला तरी तो सुधारत नाही.

तिसरं माप पाठीचं. मानेच्या मागे जो मणका हाताला लागतो तिथपासून कमरेपर्यंत, आणि समोर खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून छातीवरून कमरेपर्यंत. बाक आलेल्या पाठीला मागची लांबी वाढते, समोरची कमी होते. तुम्ही दोन्ही एकाच हिशोबाने कापताय. मागे कापड कमी म्हणून ते वर चढतं, समोर जास्त म्हणून घडी पडते. घडी पडली की आपण टक्स वाढवतो, आणि मग आणखीच बिघडतं.

---

पडद्यामागची (वडसा, गडचिरोली)

मी झाडीपट्टीच्या नाटकांचे कपडे शिवते. दिवाळी झाली की आमचा हंगाम, तो होळीपर्यंत. कंपनी आज इथे, उद्या तिकडे, आणि नाचणाऱ्या पोरीचा ब्लाउज रात्रभर हात वर करून नाचला तरी जागेवर राहिला पाहिजे. ट्रायलला वेळ नसतो. म्हणून मी हे शिकले: अंगावर टेपची खोळ चढवायची, तीच कापून सपाट करायची. एकदा वीस-पंचवीस मिनिटं बाई उभी राहिली की तिचं अंग माझ्या खुंटीला टांगलेलं असतं.

असं करा. रोज जी बॉडी घालतात ती घालू द्या, त्यावर जुना घट्ट बनियन किंवा टी-शर्ट, जो कापला तरी चालेल. टेप कागदी घ्या. रंगारी भिंतीच्या कडेला लावतात ती. पॅकिंगची चकचकीत टेप नको, ती ताणते आणि आत घाम साचतो. रिळावरून गुंडाळत जाऊ नका, त्याने अंग आवळलं जातं आणि साचा लहान येतो. आधीच सहा-सात इंचाचे तुकडे फाडून दाराच्या चौकटीला चिकटवून ठेवा. पहिला थर छातीच्या खालून आडवा, मग खांद्यावरून तिरपा, मग काखेजवळ अगदी लहान लहान तुकडे. दुसरा थर पहिल्याला आडवा जाईल असा. गळ्याभोवती टेप कधीही गुंडाळायची नाही, मानेच्या बुडाशी थांबायचं. पंखा चालू ठेवा, पाणी जवळ ठेवा, चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच कापून काढायचं. साचा पुन्हा करता येतो.

उभं राहायचं ते नेहमीसारखं. हे सगळ्यात महत्त्वाचं. माप घेताना बाया ताठ होतात, आणि ताठ झालेल्या बाईचा साचा निघतो. त्यांच्याशी बोलत राहा, पोरांबद्दल विचारा. बोलता बोलता अंग आपल्या जागेवर येतं.

मग टेपवरच पेनाने रेघा. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसा दोऱ्याला नट बांधून गळ्याच्या खड्ड्यातून खाली सोडा, ती समोरची मधली रेघ. तशीच पाठीवर. काखेतून कडेची, खांद्याची, मुंढ्याचा गोल, छातीच्या खालची आडवी, आणि छातीचा उंचवटा जिथे आहे तिथे एक फुली. मधल्या रेघांवर दर दोन इंचांवर आडव्या खुणा, पुढे जोडायला उपयोगी पडतात. समोरच्या मधल्या रेघेवरून कापून अंगरखा काढतात तसा काढा. कात्री बोथट टोकाची, आणि तुमची दोन बोटं अंग आणि कात्री यांच्या मध्ये.

आता सपाट करणं. कडेच्या आणि खांद्याच्या रेघा कापल्या की तुकडे वेगळे होतात. समोरचा तुकडा टेबलावर ठेवला की तो बसत नाही, वाटीसारखा उभा राहतो. छातीच्या खालच्या कडेपासून फुलीपर्यंत चीर द्या. चीर आपोआप उघडते. जेवढी उघडली तेवढा तुमचा टक्स! तुम्ही ठरवायचा नाही, तिनेच सांगायचा. अजून उभा राहत असेल तर कडेकडून किंवा मुंढ्याकडून दुसरी चीर, तीही फुलीकडेच.

काखेखाली उलट होतं, तिथे चीर दिली तर कडा एकमेकींवर चढतात. तिथे कापड कमी पडतंय असं समजायचं आणि जोड तिथूनच न्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना आपापलं कापड मिळतं.

खाकी कागदावर उतरवल्यावर घेरात मिळून दीड इंच ढिलाई द्या, अस्तराचा असेल तर पावणेदोन. टेपची खोळ अंगाला चिकटलेली असते, तेवढ्याच मापाचं विणलेलं कापड घातलं तर श्वास घेता येणार नाही. शिलाईचा दाब वेगळा. ढिलाईत दाब मोजू नका, माझी पहिली चार कपडी त्यानेच गेली.

---

वावरातली_सुई

ताई, मी हे सगळं आज दुपारी मोठ्याने वाचून काढलं, मुलगी वहीत लिहून घेत होती. दीड इंच ढिलाईवरून एक आठवलं. गावातली पोरं पोलीस भरतीला पळतात. त्यांना छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. ती टेप घेऊन माझ्याकडेच येतात मोजायला. ५ सेंटीमीटर म्हणजे दोन इंचांना थोडं कमी. तेव्हा तुम्ही म्हणता तो दीड-पावणेदोन इंच हा श्वासाचाच हिशोब आहे, असं मला पटलं.

फक्त एक विचारते. चीर दिली की ती उघडते, काखेत मात्र कडा चढतात. असं का? मला कारण कळलं की हात चालतो, नाहीतर नुसतं पाठ होतं आणि पुढच्या बाईला चुकतं.

---

पळसपान (साकोली तालुका, भंडारा)

मला शिवण येत नाही. गणित शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पण या प्रश्नाने मला आईच्या ओसरीत नेऊन बसवलं.

आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि द्रोणही. पत्रावळ सपाट, तिला फक्त पानं जोडली की झालं. द्रोणाला मात्र पान दुमडावं लागतं. सपाट पानाच्या कडेला एक चुणी घातली, काडी टोचली, की पान खोलगट होतं. चुणी लहान तर द्रोण उथळ, चुणी मोठी तर खोल. ताई, ती चुणी म्हणजे तुमचा टक्स. द्रोण परत सपाट करायचा तर काडी काढावी लागते आणि चुणी उघडते. तुमची चीर उघडते ती याचसाठी. वाटीसारख्या गोल भागाच्या कडेला, तेवढ्याच सपाट भागापेक्षा कापड कमी लागतं. जास्तीचं कुठेतरी दुमडून लपवावं लागतं.

आता दुसऱ्या जातीचा गोल. घोड्याचं खोगीर डोळ्यांपुढे आणा, एका दिशेला उंच वळतं आणि दुसऱ्या दिशेला खाली. काख आणि तिच्याखालची जागा अशी आहे. तिथे कडेला सपाटापेक्षा जास्त कापड लागतं. सपाट करायला गेलात की ते जास्तीचं एकमेकांवर चढतं. वाटीत चुणी घ्यायची आणि खोगिरात तुकडा घालायचा, एवढंच.

गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध केलं की गोलपणा हा पृष्ठभागाचा असा गुण आहे जो ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय बदलत नाही. नुसतं वाकवून, गुंडाळून तो जात नाही. म्हणून सपाट कागद नळीवर नीट बसतो आणि चेंडूवर बसत नाही. तुमची बाही जवळजवळ नळी आहे, तिला टक्स लागत नाही. छाती, पाठीचा बाक, खांद्याचं टोक या जागी काहीतरी करावंच लागतं.

पण कापड कागद नाही. एक रुमाल घ्या. उभ्या धाग्याने ओढा, ताणत नाही. आडव्या धाग्यानेही नाही. कोपऱ्यातून तिरपा ओढला की लांबतो आणि मधून आकसतो. धाग्यांची लांबी तीच राहते, दोन धाग्यांमधला कोन बदलतो. चेबिशेव्ह नावाचे रशियन गणितज्ञ होते, त्यांनी १८७८ मध्ये पॅरिसला याच विषयावर व्याख्यान दिलं होतं, विषय होता कपड्यांची कटिंग! धाग्यांची लांबी तशीच ठेवून, फक्त कोन बदलून, कापडाने एखादं अंग कसं झाकता येईल, याचा हिशोब त्यांनी मांडला. एवढा मोठा माणूस शिंप्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. वर्गात सांगायचो तेव्हा मुलींचे डोळे चमकायचे, कारण घरी मशीन असायची.

तुम्ही कटोरी, म्हणजे समोरचा वाटीसारखा तुकडा, उरेब म्हणजे तिरप्या धाग्यावर कापता ना? त्यामागे हेच आहे. उरेब कापड थोडा गोलपणा स्वतःच घेतं, टक्स तेवढा लहान होतो.

---

काजबटण

सर, द्रोणाचं मी उद्याच माझ्या शिकाऊ पोरींना सांगणार.

ताई, एक राहिलं. बाही रुतते म्हणून तुम्ही मुंढा खाली कापता असं लिहिलंय. तो खाली कापू नका, वर घ्या. मलाही कोणी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. मुंढा खोल असला की हात उचलताना बाही कडेच्या शिलाईलाच धरून वर नेते, सगळा ब्लाउज हाताबरोबर चढतो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात उचलताना अंग जागेवर राहतं. रुतते ती बाही दंडाला अरुंद आहे म्हणून. बाही रुंद करा, मुंढा उंच ठेवा.

---

वावरातली_सुई

मंडळी, नऊ दिवसांनी लिहिते आहे. झालं ते सगळं सांगते, कारण तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याबाईंना ओसरीत उभं केलं. पोरांना आत पाठवलं. टेपचे तुकडे मुलीने दाराला लावून ठेवले होते, चौकट पांढरी झाली होती. पहिला तुकडा लावला तसं त्या म्हणाल्या, "काऊन वं, माही मूर्ती घडवतं काय?" आणि ताठ झाल्या. मला पडद्यामागच्या ताईंचं वाक्य आठवलं. मी विचारलं, "यंदा कापूस किती निघंल जी?" झालं, मग त्या बोलत राहिल्या. कोणत्या तासाला, म्हणजे ओळीला, बोंडं किडकी निघाली, कोणती मजूरबाई आली नाही. बोलता बोलता त्यांचे खांदे हळूहळू पुढे आले, पाठ आपल्या बाकात बसली. मी त्यांना १८ वर्षं पाहते आहे, पण ते अंग असं जवळून, हाताखाली, पहिल्यांदाच पाहिलं. मानेच्या खाली दोन्ही फऱ्यांच्या (खांद्यामागच्या हाडांच्या) मध्ये चांगला वाटीएवढा उंचवटा आहे. उजवा खांदा अर्धा इंच खाली. मी आजवर नेहमी डाव्या बाजूचं माप घेत आले, आणि उजवा भाग त्याचीच घडी.

अर्ध्या तासाच्या आत खोळ काढली. ती काढून मी टेबलावर ठेवली तर ती उभी राहिली. रिकामी, आणि तरी मोठ्याबाईच. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढी वाकली काय मी?" मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, "या वेळी ब्लाउज बसंल बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी सपाट करायला घेतली. समोरचा भाग सरांनी सांगितल्यासारखा, खालून चीर दिली तशी द्रोणासारखा उघडला. टक्स मी नेहमी दोन्हीकडे सारखा घेते, इथे डावा सव्वा इंच आणि उजवा एक इंच आला. पण खरी गोष्ट पाठीची. पाठीचा तुकडा मी आजवर सपाटच समजत आले, ब्लाउजच्या पाठीला खालचे दोन टक्स सोडले तर काही करायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तो तुकडा टेबलावर बसेना. खांद्याच्या रेघेपासून फऱ्याच्या उंचवट्यापर्यंत तीन इंचाची चीर दिली, ती अर्धा इंच उघडली, आणि तुकडा खाली बसला. म्हणजे १२ वर्षं त्या उंचवट्याला लागणारं कापड मी कधी दिलंच नाही. ते मिळवायला ब्लाउज खालून वर चढत होता.

काजबटण ताईंच्या मापांशी ताडून पाहिलं. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत सव्वासोळा इंच, फॉर्म्युल्याने मी सव्वापंधरा धरत होते. पाठीची रुंदी, मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत, १५, समोरची पावणेतेरा. मी दोन्हीकडे साडेतेरा-चौदाच्या आसपास कापायचे. वरचा घेर साडेपस्तीस, म्हणजे अडीच इंचाचा फरक, तो सगळा समोर. आकडे आणि खोळ एकच गोष्ट सांगत होते, याचा मला फार धीर आला.

शालूच्या कापडाला एकदम कात्री लावायची हिंमत नव्हती. आधी मांजरपाट भिजवून, वाळवून, इस्त्री करून त्याचा ट्रायल शिवला. डावी-उजवी बाजू वेगळी, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, नाहीतर उलटं व्हायचं. मुंढा सव्वासातवरून साडेसहावर आणला, बाही दंडाला पाऊण इंच रुंद. खांद्याच्या मागच्या टक्सऐवजी मी तो अर्धा इंच खांद्याच्या शिलाईतच बारीक सुरकुतीत जिरवला, वरून दिसत नाही.

मागचा गळा त्यांना मोठा नको होता आणि मलाही नको होता. मोठा गळा म्हणजे बाकावर बसणारं नेमकं तेच कापड कापून टाकणं. पाच इंचावर थांबले.

रात्री त्यांनी ट्रायल घातला. मागचा गळा मानेला लागून बसला. हात वर केला, खालची पट्टी हलली नाही. मी म्हटलं आता काढा, यावरून शालूचं कापते. त्या काढेनात. म्हणाल्या, "राहू दे, उद्या वावरात घालून पायते." मांजरपाटाचा, कच्ची शिलाई, हूक नाहीत, पिना लावलेल्या. मी नको नको म्हणत राहिले. सकाळी त्या तोच घालून, वरून जुनं शर्ट चढवून वेचायला गेल्या.

संध्याकाळी आल्यावर ओसरीत कंदिलाखाली तो ब्लाउज उलटा करून पाहिला, लाइन नव्हती. जे मला टेबलावर दिसलं नसतं ते त्यात लिहिलेलं होतं. उजव्या काखेच्या मागे कच्चा टाका दोन ठिकाणी तुटला होता. उजव्या हाताने पुढे वाकून वेचतात, तिथे ताण येतो. पाठीच्या मधोमध घामाचा पट्टा मानेपासून सरळ खाली गेलेला, म्हणजे कापड सगळीकडे सारखं टेकलं होतं. समोर डाव्या टक्सच्या टोकाला एक छोटी चोच आली होती, टक्स फुलीपर्यंत नेला म्हणून. तो फुलीच्या पाऊण इंच अलीकडेच थांबवायला हवा होता. हे पडद्यामागच्या ताई, तुम्ही सांगितलं नव्हतं, पुढच्या कोणाला सांगताना हे नक्की सांगा.

मग वाकूनही माप घेतलं. उभं असताना मागची लांबी सव्वासोळा, वेचायला वाकल्यावर १८. पावणेदोन इंचाचा फरक! शालूचा ब्लाउज उभ्या मापावरच शिवला, नवरीची आई दिवसभर काही वाकून राहत नाही. त्यात फक्त उजव्या काखेमागे पाव इंच वाढवलं आणि टक्स आखूड केले. तो परवा झाला, हूकसुद्धा लागले. घालून त्यांनी आरशात पाहिलं नाही, पाठीवरून हात फिरवून पाहिला, खाली पट्टीपर्यंत.

वावरातल्यासाठी दुसरा साचा काढते आहे, टू बाय टू या सुती कापडाच्या ब्लाउजचा. त्यात काखेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा उरेब घालते. हा तुकडा मला सासूबाईंच्या गाठीच्या चोळीत सापडला. त्या गेल्या तेव्हाची लुगडी आणि चोळ्या वरच्या पेटीत आहेत. चोळी उलटी करून पाहिली तर काखेत तिरपा तुकडा, आणि टक्स एकही नाही. सर, तुमचं खोगीर! हातशिलाई आहे, टाके इतके बारीक की उसवायला जीव झाला नाही, वरून कागद ठेवून नुसता आकार गिरवून घेतला.

आता माझा पुढचा प्रश्न. पाठीची लांबी वाकल्यावर पावणेदोन इंच वाढते, ते कापड उभं असताना कुठे ठेवायचं? मी खाली पट्टी न लावता मागे कंबरेशी दोन चुण्या उघड्या सोडायचा विचार करते आहे, वाकल्यावर उघडतील आणि उभं राहिल्यावर मिटतील. कोणी करून पाहिलंय का? मोठ्याबाई रविवारी वेचायला जात नाहीत, तेव्हा कापायला घेईन.